बटणांखालचं कुंकू

लॅपटॉपच्या बटणांखाली काय काय सापडतं ते मला विचारा. बिस्किटांचा चुरा तर सगळ्यांकडेच. त्याशिवाय केस, नखं, पेन्सिलीची टोकं, स्टेपलरच्या पिना, मेलेल्या मुंग्या. वाशीच्या एका सीए साहेबांच्या मशीनमधून मी मूठभर बडीशेप काढली होती. मशीनजवळ बसून आपण काही म्हणजे काही खात नाही, असं ते काउंटरवर छातीठोकपणे सांगत होते. ती पिशवीत भरून दाखवली तेव्हा म्हणाले, "हे खाणं नाही हो, ही मुखशुद्धी." एका बाईंच्या मशीनमधून नथीचा मोती निघाला. तो हातात दिल्यावर त्या मटकन बाकावर बसल्या. त्या मोत्यापायी त्यांनी घरात काम करणाऱ्या बाईला काढून टाकलं होतं. मशीन घेऊन जायचंही त्या विसरल्या.

मी शाळा शिकले चौथीपर्यंत. तुर्भ्याला कारखान्यांच्या रांगेत कंप्युटर दुरुस्तीचं एक सर्व्हिस सेंटर होतं, तिथे झाडू मारायला लागले. नव्वदनंतरची वर्षं होती. लॅपटॉप तेव्हा मोठ्या साहेबांनाही नवाच होता, आणि एकाची किंमत एवढी की आमच्या गावाकडे तेवढ्यात घर उभं राहिलं असतं. एकदा सामंत इंजिनियरच्या टेबलावरून तिळाएवढा स्क्रू खाली पडला. तिघे जण टॉर्च घेऊन शोधत होते. मी फरशीवर नुसता तळहात फिरवला आणि स्क्रू काढून दिला. मॅनेजर मेनन साहेब बघत होते. ते केरळचे, पण वीस वर्षं इकडे राहून मराठी बोलत, हिंदीची फोडणी देऊन. म्हणाले, "शालनबाईका हाथ देखो. हिला झाडू कशाला देता, ब्रश द्या." अशी मी सफाईच्या टेबलावर बसले.

काम सांगायला सोपं. आलेलं मशीन आधी माझ्याकडे यायचं. दोन स्क्रू आणि एक खिट्टी काढली की वरची बटणांची पट्टी उचलली जाते. तिच्या खाली रबराची चादर असते, त्याखाली पत्रा, आणि त्याच्याही खाली खरं मशीन, म्हणजे हिरवा बोर्ड. ब्रशने धूळ काढायची, फुंकणीने हवा मारायची. मनगटाला एक पट्टा बांधायचा, त्याची तार जमिनीला जोडलेली. आपल्या अंगातल्या विजेने बोर्ड जळू नये म्हणून. मला सुरुवातीला वाटायचं, मी पळून जाईन म्हणून बांधतात की काय. धातूच्या बांगड्या चालत नसत, काचेच्या चालत.

आणि एक नियम होता. आतून जे निघेल ते छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत भरायचं आणि मशीनच्या कार्डाला टाचायचं. कारण गिऱ्हाईक नंतर म्हणतं, आमच्या मशीनमध्ये काही गेलंच नव्हतं. मग पिशवी समोर धरायची. या कामात मी फार पक्की होते. मुंगी निघाली तरी मुंगी पिशवीत. मला त्याचा अभिमान होता, आणि त्याच अभिमानाची ही गोष्ट आहे.

मी कोणाशी फारशी बोलत नसे. साहेबांनी हाक मारली तर मान हलवायची, नाहीतर "हो साहेब" म्हणायचं. जेवणाच्या सुट्टीतही डबा घेऊन जिन्यात बसायची. आठ वर्षांत मी आपणहून तोंड उघडलं ते एकदाच.

जासईचे हिराजी म्हात्रे म्हणून एक गिऱ्हाईक होते. पूर्वी भातशेती, ती जमीन प्रकल्पात गेली, आणि आता ते तिकडे कंटेनर यार्डात काम घेत. कोणता डबा आला, कोणता गेला, याच्या याद्या करायच्या. यार्डात टेबल नाही, खुर्ची नाही, म्हणून त्यांनी हिंमत करून लॅपटॉप घेतला. घेऊन पुरे बारा दिवस झाले नव्हते, तेवढ्यात मशीन आमच्या काउंटरवर आलं. तक्रार अशी की चालू होतं, नीट चालतं, आणि वीस मिनिटांत आपोआप बंद पडतं. प्लग लावलेला असला तरी.

नवं मशीन महिन्याच्या आत बिघडलं आणि दोष कारखान्याचा ठरला, तर कंपनी सरळ नवं मशीन द्यायची. दोष गिऱ्हाइकाचा ठरला, म्हणजे पाणी सांडलं, पाडलं, आत काही गेलं, तर काहीच मिळायचं नाही. त्यामुळे कार्डावर इंजिनियर काय लिहितो यावर सगळं होतं.

मी बटणांची पट्टी उचलली आणि थबकले. रबराच्या चादरीवर लालभडक कुंकू. त्यात हळद, आणि तीन तांदळाचे दाणे. पूजा केली होती. आमच्याकडे नवी सायकल आली तरी करतात, नवी शिलाई मशीन आली तरी करतात, मग एवढी महागाची वस्तू कोण तशी ठेवेल? पण पूजा झाकण उघडून, थेट बटणांवर केली होती. मी अगदी मन लावून सगळं कुंकू ब्रशने गोळा केलं, दाणेसुद्धा, पिशवीत भरलं आणि कार्डाला टाचलं.

सामंत साहेबांनी पिशवी बघितली आणि हसलेच. "घ्या! आता देवाला पण वॉरंटीत घ्या." मशीन लावून ठेवलं. बावीस मिनिटांनी बंद पडलं. त्यांनी बाकी काही बघितलं नाही. बघायची गरजच वाटली नाही, कारण पिशवी समोर होती. कार्डावर लिहिलं, आत पावडर गेल्याने बिघाड, वॉरंटी लागू नाही.

दुसऱ्या दिवशी हिराजी आले, सोबत त्यांची बायको सुगंधा. काउंटर आणि आमची खोली यांच्यामध्ये नुसती काच होती, सगळं ऐकू यायचं.

मेनन साहेबांनी पिशवी वर धरली. "म्हात्रे, ये देखो. मशीनमध्ये कुंकू. आम्ही काय करणार?"

हिराजी वळले आणि बायकोकडे बघून म्हणाले, "बघितलंस? घरान बोलत व्हतो तवा पटत नव्हता. आता हे पन तेच बोलतान."

"मी काय माझ्या मनान केली पूजा?" ती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. "आत्यांनीच सांगितलान, लक्ष्मी आली हाय, पाच बोटं लाव."

"आयेनी बोटं लावाला सांगितली, ओटी भराला नाय सांगितली!"

काउंटरवरची माणसं हसली. ती बाई हसली नाही. बाकावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

मी पाण्याचा ग्लास घेऊन गेले. एवढंच मला जमत असे. तिने ग्लास घेतला, पण प्यायली नाही. हळूच म्हणाली, "ताई, आठ दिस झाले, घरान कोनी माझ्या हातचा पानी पेत नाय. आत्या बोलतान, हिचा हातच वाईट. हळदीला, साखरपुड्याला आता मना पुढं होऊन देत नाय. म्हनतान, हिनं हात लावला का वस्तूचा वाटोला."

मी परत टेबलावर येऊन बसले. तिचा हात वाईट असं ठरवणारी पिशवी माझ्या हातची होती. नथीच्या मोत्याची बाई आठवली. तिने मोलकरणीला काढलं होतं, मी आज या बाईला तिच्याच घरातून काढत होते.

मशीन परत करायचं होतं, म्हणून बंद करायला ते माझ्याकडेच आलं. पट्टी अजून वेगळीच होती. मी चादर आणि पत्रा उचलून दिवा जवळ ओढला. आदल्या दिवशी मी फक्त वरचं कुंकू बघितलं होतं, आज पहिल्यांदा खालचा बोर्ड बघितला. रबराची चादर अखंड होती, कुठे भोक नाही. पत्र्यावर लाल कणही नाही. बोर्ड तर कोरा करकरीत. कुंकू खाली उतरलंच नव्हतं! मग मशीन बंद का पडतं?

मागच्या कोपऱ्यात, जिथे भिंतीतल्या विजेची पिन खुपसतात, तिथे त्या खोबणीचे तीन पाय बोर्डात बसवलेले असतात, आणि प्रत्येक पायाभोवती धातूचा एक थेंब गोठवलेला असतो. शेकडो मशीनमध्ये मी ते थेंब बघितले होते. चकचकीत, कडेला निमुळते, जणू पाय चढत गेलेले. यातला एक थेंब मळकट राखाडी होता. गोळा होऊन बसलेला. आणि त्याच्याभोवती केसाएवढी काळी कड.

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "धरली नाही."

माझे वडील कल्हई करायचे. गावोगाव फिरायचे, आणि भाता हलवायला मी. चौथीनंतर शाळा सुटली ती त्यामुळेच. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, धूर निघाला की कथील टेकवायचं आणि बोळ्याने फिरवायचं. भांडं नीट तापलं असेल तर कथील पाण्यासारखं पसरतं आणि चमकतं. कमी तापलं, किंवा कुठे तेलकट राहिलं, तर कथील तिथे धरत नाही. वरवर बसल्यासारखं दिसतं, पण गोळा होतं, मळकट दिसतं, आणि चार दिवसांत सुटतं. वडील दुरूनच ओरडायचे, "शालन, धरली नाही तिथं, परत ताव दे." हे थेंबही कथलाचेच. नाव सोल्डर असलं म्हणून काय झालं?

आता हे सांगायचं कसं? मी उठले, सामंत साहेबांच्या टेबलापर्यंत गेले आणि त्यांचा चहाचा कप उचलून परत आले. कप भरलेला होता. ते म्हणाले, "अहो शालनताई, प्यायचाय अजून." मी कप परत ठेवला आणि पुन्हा माझ्या जागेवर. काचेतून बघितलं तर हिराजी कार्डावर सही करायला पेन शोधत होते. सही झाली की मशीन गेलं, आणि ती बाईही गेली.

मी पुन्हा गेले. या वेळी घसा साफ केला.

"साहेब, त्याला कल्हई धरली नाही."

"कशाला काय धरली नाही?"

"म्हात्र्यांच्या मशीनला. पिनच्या पायाला. कुंकू खाली गेलंच नाही साहेब. मी बघितलं. चादर फाटली नाही. दोष कुंकवाचा नाही."

एवढं लांबलचक मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते गंमत म्हणून उठले. भिंग लावलं, वाकले, आणि त्यांचं हसू गेलं. "च्यायला. ड्राय आहे की हा जॉइंट." मग म्हणाले, "थांबा, टेन्शन नको. नुसतं दिसून चालत नाही, मेनन साहेबांना पुरावा लागतो."

त्यांनी बॅटरी काढून ठेवली, विजेची पिन लावली, मशीन चालू केलं. हिरवा दिवा लागला. माझ्या ब्रशचा दांडा लाकडी होता. ते म्हणाले, "तुमचा हात हलका, तुम्हीच दाबा." मी त्या पायाजवळ दांडा अलगद टेकवला. दिवा गेला. उचलला. दिवा आला. पुन्हा टेकवला. गेला!

सामंत साहेब ओरडलेच, "साहेब, इकडे या, लवकर! म्हात्र्यांची सही थांबवा!"

मग त्यांनी मला समजावलं, आणि मीही तुम्हाला तसंच सांगते. मशीन चालू झालं की आत गरम होतं, धातू फुगतो, ती केसाएवढी फट रुंद होते आणि वीज तुटते. त्याच पायामुळे बॅटरीही नीट भरत नव्हती, म्हणून तिचाही आधार नाही. यार्डाच्या उन्हात तर मशीन आणखी लवकर मरत असणार.

मेनन साहेब आले, त्यांनी दिवा जाताना-येताना बघितला आणि मान हलवली. "ठीक आहे, कुंकू नाही. लेकिन पाडलं असेल. तार खेचली असेल. पाय हलला असेल. कंपनी हेच म्हणणार. कारखान्यातून असंच आलं, हे साबित कसं करणार?"

सामंत साहेबांनी भिंग खाली ठेवलं. मी एरवी गप्पच. पण त्या दिवशी एकदा तोंड उघडलं होतं ते बंदच होईना. म्हटलं, "साहेब, वडील एका तावात दहा भांडी करायचे. ताव कमी पडला तर एकच भांडं बिघडायचं नाही. याच्या सोबतची भांडी... म्हणजे मशीनं आहेत का?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. स्टोअरमध्ये होती. त्याच खेपेची, सीलबंद, दोन खोकी.

"सील तोडलं तर दिल्लीच्या हेड ऑफिसला जवाब कोण देणार?" मेनन साहेब म्हणाले.

"मी देतो," सामंत साहेब म्हणाले. "कालचं कार्ड मी लिहिलंय."

खोकं आलं. हिराजी आणि सुगंधा काचेला नाक लावून बघत होते. पट्टी उघडली, मी वाकून बघितलं. तीनही थेंब चकचकीत. दांडा टेकवला, दिवा हलला नाही.

"बस," मेनन साहेब म्हणाले. "हो गया. बंद करा."

"साहेब, दुसरं," मी म्हणाले.

"एक फोडलं ते पुरे नाही का?"

"एकच भांडं चांगलं निघालं म्हणून ताव चांगला होता असं होत नाही साहेब."

आजही मला कळत नाही, हे मी कसं बोलले. मेनन साहेबांनी माझ्याकडे बघितलं, जणू पहिल्यांदाच बघत होते. मग स्वतःच कात्री घेतली आणि दुसऱ्या खोक्याची पट्टी कापली.

कोऱ्या मशीनचा तो वास, वरचा पातळ कागदही कोणी काढलेला नव्हता. मी पट्टी उचलली. दिवा जवळ घेतला. तोच कोपरा, तोच पाय, तोच मळकट गोळा आणि तीच काळी कड. मी काही दाबायच्या आधीच म्हणाले, "हेच."

सामंत साहेबांनी पिन लावली. मी दांडा टेकवला. हिरवा दिवा विझला.

या मशीनला कोणी पाडलं नव्हतं, कोणी तार खेचली नव्हती, कोणी पूजाही केली नव्हती. मेनन साहेबांनी जुनं कार्ड फाडलं आणि नव्या कार्डावर स्वतःच्या हाताने लिहिलं, कारखान्याचा दोष. पहिल्या खोक्यातलं चांगलं निघालेलं मशीन म्हात्र्यांना द्यायला सांगितलं. नंतर दिल्लीहून त्या खेपेची सगळी मशीनं तपासायचा हुकूम आला, आणि तपासायला माझा ब्रश अन् मीच, पण ते पुढचं झालं.

त्या वेळी साहेब काउंटरवर गेले आणि म्हणाले, "म्हात्रे, सॉरी. गलती कंपनीची. कुंकवाने काहीच झालं नाही. वरच्या वर राहिलं होतं. नवं मशीन घेऊन जा."

हिराजींचा चेहरा असा फुलला! त्यांनी साहेबांचा हात दोन्ही हातांत धरला, सामंत साहेबांचा धरला. मीही मागे उभी होते. मला सुगंधाला सांगायचं होतं की ती पिशवी मी भरली होती, माफ कर. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि ते माझं सांगायचं राहिलं ते राहिलंच. इतकी वर्षं झाली, अजून टोचतं.

ती बाकावरून उठली. पदर खोचला. "मंग?"

"मंग काय? मिलाला ना नवा," हिराजी म्हणाले. "चल, उशीर व्हतंय."

"मी नाय येत. आधी बोल."

"काय बोलू?"

"आठ दिस जे काय बोललास त्याचा उलटा बोल. हितं, या सगल्यांच्या देखत."

हिराजींनी इकडे तिकडे बघितलं. काउंटरवर पाच-सहा माणसं होती. मघाशी हसलेलीच. "माझा चुकला," ते पुटपुटले.

"ऐकू नाय आला."

"चुकला माझा!"

"माझ्याशी नको. आत्यांना सांग. घरान फोन हाय, लाव."

मेनन साहेबांनी काउंटरवरचा फोन त्यांच्याकडे सरकवला. हिराजींनी नंबर फिरवला. पलीकडून म्हातारीचा मोठा आवाज आला, आम्हा सगळ्यांना ऐकू जावा इतका, "काय रं, काय बोलला साहेब? हिच्या कुंकवानंच ना?"

"नाय आये. कंपनीचीच चूक व्हती. हिची नाय. नवा पेटीतला पन एक तसाच निंगाला."

मग सुगंधाने नवऱ्याच्या हातातून फोन घेतला. आवाज चढवला नाही.

"आत्या, नवा घेऊन येताव. दारान भाकर-पानी वोवालाला कोनाला बोलवू नका. वोवालीन मीच, आनि पूजा पन मीच करीन."